कपाटाचाही हिशोब

पंधरावा रोजा उलटला की टेलरच्या दुकानात एक पाटी लागते, 'ऑर्डर बंद'. त्यानंतर कितीही ओळख काढा, मास्टर नवीन कापडाला हात लावत नाहीत. ती पाटी लागायला अजून चार-पाच दिवस आहेत, म्हणून हा विषय आजच काढतो आहे.

सोलापुरात विजापूर वेशीतला मीना बाजार रात्री उशिरापर्यंत गजबजलेला असतो. तरावीहची नमाज आटोपली की घरातली मंडळी बाहेर पडतात. आमच्या शेजारच्या काकूही दरवर्षी येतात, कारण ओढण्या, बांगड्या आणि चपला या दिवसांत एकाच ठिकाणी मिळतात. ईदला कपाटात नवे काय येणार, याची चर्चा घरोघर असते. त्याच कपाटातून बाहेर काय जाणार, यावर मात्र फारसे कोणी बोलत नाही.

दिवाळीच्या आधी माळे उपसतात, तसे आमच्याकडे रमजानमध्ये कपाट उपसतात. दोन्हीकडे बाहेर काय पडते ते वाचकांना ठाऊक आहे. चेन तुटलेली पँट, इस्त्रीने करपलेला कुर्ता, कॉलर विरलेला शर्ट, रंग उडालेली सलवार. हे सगळे एका पिशवीत कोंबायचे, गाठ मारायची आणि म्हणायचे, "कुणाला तरी होईल."

कुरआनच्या दुसऱ्या अध्यायात या पिशवीबद्दलच जणू एक आयत आहे, 267 वी. तिचा आशय असा, की जी वस्तू तुम्हाला कोणी दिली तर तुम्ही स्वतः डोळे मिटल्याखेरीज घेणार नाही, असली निवडून दान करू नका. तिसऱ्या अध्यायातली 92 वी आयत याच्याही पुढे जाते. स्वतःला प्रिय असलेल्यातून खर्च केल्याशिवाय खरी नेकी हाती लागत नाही, असे ती सुचवते. ही आयत ऐकून मदिनेतले अबू तल्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आले आणि आपली सर्वांत लाडकी बाग, बैरुहा, देऊन टाकतो म्हणाले. मशिदीच्या समोरच ती होती आणि तिचे पाणी गोड होते. प्रेषितांनी ती त्यांच्याच नातलगांत वाटायला सांगितली. आपल्यापैकी कोणाकडे बाग नाही, पण कपाटात एखादा असा कुर्ता असतो, जो आपण वर्षभर घातलेला नसतो आणि तरी देववत नाही. परीक्षा त्या कुर्त्यापाशी होते. करपलेल्या कुर्त्यापाशी कसली परीक्षा?

देताना कपडा चांगला असला म्हणजे झाले, असेही नाही. आमच्या ओळखीतल्या एक बाई चार घरची धुणीभांडी करतात. त्यांनी सांगितलेली ही हकिकत. एका घरातून त्यांच्या मुलीसाठी फ्रॉक मिळाला. उत्तम स्थितीतला, झालरीचा, धुऊन इस्त्री केलेला. देणारीचे मन साफ होते. मुलीने तो ईदला घातला आणि आईबरोबर त्याच घरी शीरखुर्मा द्यायला गेली. पाहुणे बसले होते. त्या घरातली मुलगी धावत आली आणि मोठ्याने म्हणाली, "अय्या, हा तर माझा ड्रेस! इथे शाई सांडली होती बघ." लहान पोर ते, तिला काय कळणार? पण या मुलीने घरी येऊन फ्रॉक उतरवला आणि पुन्हा कधी घातला नाही. बाई मला म्हणाल्या, "तेव्हापासून मी ज्या घरी काम करते तिथले कपडे पोरांसाठी घेत नाही. दुसऱ्या मोहल्ल्यातले असले तर घेते."

एवढे ऐकल्यावर आमच्या घरातल्या बायकांनी एक साधी सोय केली. आपल्या गल्लीतले मुलांचे कपडे दुसऱ्या भागात राहणाऱ्या खालाकडे पाठवायचे आणि तिकडचे इकडे आणायचे. रिक्षाचे भाडे पडते, पण ईदच्या दिवशी कोणाचा कोणाला कपडा ओळखू येत नाही. दुसरी सोय वेळेची. अठ्ठाविसाव्या रोजाला दिलेला कपडा मापात करून घ्यायला घेणाऱ्याला सवडच मिळत नाही. बाही आखूड करायची, कंबर घ्यायची, उंची सोडायची, हे सगळे टेलरची पाटी लागण्याआधीच होऊ शकते. आणि दिलेल्या कपड्याबरोबर मापात करण्याचे पैसे दिले तर आणखी बरे.

आता आमच्या अब्बांची गोष्ट सांगतो. अब्बा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले. गेल्या रमजानमध्ये एका दुपारी त्यांनी आपले कपाट पूर्ण रिकामे केले आणि सगळे कपडे पलंगावर मांडले. मोजले तर 23 शर्ट, 9 पँट, 11 कुर्ते-पायजमे, 4 स्वेटर आणि निरोप समारंभाच्या काळातले 2 सफारी निघाले. अब्बा स्वतःच चकित झाले. "मी तर सात-आठच कपडे घालतो. बाकीचे कोणाचे?" बाकीचे आमचे होते. दर ईदला प्रत्येक मुलाने आणि जावयाने एक-एक जोड घेतलेला, आणि अब्बांनी कोणाचे मन मोडू नये म्हणून एकदा घालून घडी करून ठेवलेला.

त्यांनी निवड कशी केली, ते सांगण्यासारखे आहे. मागच्या रमजानपासून या रमजानपर्यंत जो कपडा एकदाही अंगावर चढला नाही, तो एका बाजूला. चांद्रवर्ष साधारण 354 दिवसांचे असते, म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. पण एका रमजानपासून दुसऱ्या रमजानपर्यंत पावसाळा, थंडी, उन्हाळा, लग्नसराई असे सगळे येऊन जाते. एवढ्या काळात ज्याची आठवण झाली नाही, त्याची पुढेही होणार नाही, हा त्यांचा हिशोब. मेकॅनिकचा हिशोब तो, गोदामात वर्षभर न हललेला पार्ट म्हणजे अडकलेली जागा. शेवटी त्यांच्याकडे 5 कुर्ते-पायजमे, 3 शर्ट, 2 पँट आणि 1 स्वेटर राहिला. खाकी युनिफॉर्मचा एक शर्टही राहिला. तो ते घालत नाहीत, पण त्यावर कोणी काही बोलले नाही.

मोठी आपा मात्र बिथरली. "अब्बा, ही काय आवराआवर चालवली आहे?" तिच्या बोलण्यात काय होते ते सगळ्यांना कळले. म्हातारा माणूस कपाट रिकामे करायला लागला की घरच्यांच्या पोटात गोळा येतो. अब्बा हसले. म्हणाले, "हजला दोन चादरींत दिवस काढले ना मी? तब इत्ते कपडे कायकू?" एहरामच्या त्या दोन न शिवलेल्या चादरी आणि पुरुषाच्या कफनाचे तीन कपडे, एवढेच काय ते माणसाला शेवटी लागते, हे आमच्या घरातल्या लहान मुलालाही माहीत आहे. पहिले खलिफा हजरत अबू बकर (र.) यांनी तर अखेरच्या आजारात अंगावरचेच जुने वस्त्र धुऊन कफनात वापरायला सांगितले होते. नव्याची गरज जिवंत माणसाला जास्त असते, असे त्यांचे म्हणणे होते.

पण अब्बांचे खरे कारण वेगळे होते. ते त्यांनी रात्री जेवताना सांगितले. "मी गेल्यावर हे कपडे माझे राहणार नाहीत. तुमचे होतील. मग तुम्हाला वाटायचे झाले तरी सगळ्यांना विचारावे लागेल. आत्ता मला कोणाला विचारावे लागत नाही."

हा मुद्दा आमच्याही समाजात अनेकांना नीट माहीत नसतो. माणूस गेल्यावर त्याच्या मागे जे उरते, घर, पैसे, भांडी आणि कपडेसुद्धा, त्या सगळ्याला तरका म्हणतात. त्यातून आधी कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग वसीयत, आणि उरलेले सर्व वारसांचे. त्यामुळे मयताच्या नावाने त्याचे कपडे दुसऱ्याच दिवशी गरिबांना वाटून टाकणे वरून नेक दिसले तरी त्याला सगळ्या वारसांची संमती लागते. वारसांत अज्ञान मूल असेल तर त्याच्या हिश्श्याचा कपडा त्याच्या वतीने कोणी दान करू शकत नाही. वडिलांच्या शर्टांचे काय करायचे, हा प्रश्न कोणत्याही धर्माच्या घरात अवघडच असतो. कोणी एखादा ठेवून घेतो, कोणाला तो डोळ्यांसमोर नको असतो, आणि भावंडांत तेवढ्यावरून अबोला धरलेला मी पाहिला आहे. अब्बांनी आम्हाला त्यातून आधीच सोडवले.

आता थोडे पैशांच्या हिशोबाकडे. जकात म्हणजे वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीतला अडीच टक्के वाटा, हे बहुतेक वाचकांना माहीत असेल. अंगावर वापरण्याच्या कपड्यांवर जकात नाही, मग ते कितीही असोत. जुन्या साड्या-शराऱ्यांतल्या खऱ्या जरीतली चांदी मात्र हनफी उलेमा हिशोबात धरतात. हल्लीच्या बहुतेक जरीत ती भानगड नाही. पण फितऱ्याचा नियम वेगळा आहे. ईदच्या नमाजाआधी घरातल्या प्रत्येकामागे पावणेदोन ते दोन किलो गहू किंवा त्याची किंमत गरिबाला द्यायची, तो फितरा. फितरा कोणावर लागू, हे ठरवताना हनफी मतानुसार गरजेपेक्षा जास्त पडून असलेले सामानही मोजतात, आणि त्यात वापरात नसलेले कपडेही येतात. कर्ज वजा जाता अशा सगळ्या जादा चीजवस्तूंची किंमत साडेबावन्न तोळे, म्हणजे सुमारे 612 ग्रॅम चांदीइतकी झाली, तर त्या माणसाला फितरा द्यावाच लागतो आणि तो स्वतः जकात घेऊ शकत नाही. म्हणजे कपाटात नुसते पडून राहिलेले कपडे शरियतच्या नजरेतून सुटलेले नाहीत. अनेकांना वाटते, हिशोब फक्त सोन्याचा आणि बँकेचा असतो.

जकात कपड्यांच्या रूपातही देता येते. मात्र तेव्हा कपड्याची किंमत आज बाजारात जी येईल तीच धरायची. तीन हजारांना घेतलेला, चार वर्षे वापरलेला सूट तीन हजार म्हणून लावायचा नाही. आणि घेणाऱ्याला 'ही जकात आहे' असे सांगण्याची गरज नाही. ईदची भेट म्हणून दिली तरी चालते, देणाऱ्याच्या मनात नियत असली की पुरे. ऐच्छिक दान तर कोणत्याही धर्माच्या गरजूला देता येते. अब्बांचे दोन्ही सफारी त्यांच्या जुन्या डेपोतल्या एका सहकाऱ्याच्या मुलाकडे गेले. त्याने ते उसवून कापड काढले आणि शाळेत जाणाऱ्या दोन पोरांच्या पँट शिवून घेतल्या. जुने टेरिकॉट, अजून दहा वर्षे काही होणार नाही त्याला.

राहिला तो करपलेला, विरलेला गठ्ठा. तो दान म्हणून देऊ नये, पण कचऱ्यातही टाकू नये. सुती असेल तर गोधडी आहे. आमच्या अम्मीच्या लहानपणी घरातली प्रत्येक गोधडी म्हणजे कोणाची साडी, कोणाचे धोतर, कोणाची लुंगी होती आणि थंडीत मुले त्यातले तुकडे ओळखण्याचा खेळ खेळत. दारावर भांडेवाली येते, ती घासाघीस करून का होईना, एक स्टीलचा डबा देऊन जाते. लोकरीचे कपडे पार पानिपतच्या कारखान्यांपर्यंत जातात आणि तिथे त्यांचे पुन्हा सूत होते. पण नको असलेले सगळे 'गरिबांना' म्हणून पाठवले की काय होते, ते 2004 च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत दिसले. मदत म्हणून आलेल्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले. अंशू गुप्ता यांच्या 'गूंज' या संस्थेने असे कपडे निवडून, धुऊन उपयोगात आणले. जुन्या सुती कापडापासून पाळीच्या दिवसांत बायकांना लागणाऱ्या घड्याही ती बनवते. 2015 मध्ये त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. चिंधीलाही कोणीतरी नीट निवडावे लागते, ती नुसती ढकलून चालत नाही.

ईदला नवेच कपडे हवेत, असा नियमही नाही. सुन्नत आहे ती आपल्याजवळचे चांगले आणि स्वच्छ कपडे घालण्याची. मुलांना हे सांगून उपयोग नाही आणि सांगूही नये, त्यांना नवे मिळायलाच हवेत. मोठ्यांनी मात्र विचार करायला हरकत नाही. गेल्या ईदला अब्बांनी राहिलेल्या पाचांतला एक कुर्ता घातला. आम्ही चौघांनी त्यांच्या जोडांचे पैसे एकत्र करून त्यांच्याच हातात दिले. त्यांनी ते कोणाला दिले, ते सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

यंदा अम्मीची पाळी आहे. खालचे दोन कप्पे झाले. वरच्या कप्प्यात तिचा लग्नातला शरारा आहे, खऱ्या जरीचा. त्यातली चांदी सोनाराकडून मोजून आणा, जी जकात होईल ती मी भरते, पण त्याला हात लावायचा नाही, असे तिने पहिल्याच दिवशी बजावून ठेवले आहे.