निरखापासून निर्देशांकापर्यंत

मावळातल्या भाजे गावासमोर, इंद्रायणीच्या खोऱ्यापलीकडे असलेल्या कार्ल्याच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याने वर्षावासास येणाऱ्या भिक्षूंसाठी करजिक हे गाव दिल्याचा लेख आहे. त्याच दात्याने नाशिकच्या लेण्यासाठी मात्र कोष्ट्यांच्या श्रेणीकडे २००० कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवले आणि त्या व्याजातून वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापणांची तजवीज केली. धान्य महागले तर गावाचे उत्पन्नही चढावे. परंतु कायमच्या बारा नाण्यांत चीवर कुठवर पुरले असेल, हे सांगणारे माप तेव्हा कोणाजवळ नव्हते, आणि पुढे सुमारे अठराशे वर्षे ते आपल्याकडे कोणाला करावेसेही वाटले नाही.

पेशवाईत पुण्याच्या कोतवालीकडून बाजाराच्या निरखावर देखरेख होई. पण तो बंदोबस्ताचा विषय. दुकानदाराने रयतेस नाडू नये एवढाच त्याचा हेतू. गतसालाशी तुलना करावी हा नव्हे. शिवाय तुलना करायची तरी कशाने? पायली चार शेरांची हे सर्वमान्य, पण शेर गावोगावचा निराळा, आणि माप शिगेचे की सपाट यावर घेणाऱ्या-देणाऱ्यांची नित्याची हुज्जत. १९५७ साली आणे-पै जाऊन नवे पैसे आले, पुढल्याच साली किलोग्रॅमाचा अंमल सुरू झाला. त्यामुळे आजोबांच्या कीर्दीतला रुपयाचा तांदूळ आजच्या पिशवीशी ताडून पाहताना नाणे आणि माप दोन्ही आधी रुजू करून घ्यावी लागतात, आणि हे कष्ट न घेता स्वस्ताईच्या गोष्टी सांगणाऱ्यांची संख्या मोठी आहे.

१८६३ साली बोरघाटातून रेल्वे पार झाल्यावर मावळच्या तांदळाचा भाव मावळच्या पिकावरच ठरेनासा झाला. मुंबईचे पोट त्यात आले. कामगारांच्या राहणीखर्चाची दरमहाची मोजणीही आपल्याकडे मुंबईतच सुरू झाली. मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने १९२१ पासून जुलै १९१४ ची पातळी १०० धरून श्रमिकांच्या राहणीखर्चाचा निर्देशांक दरमहा प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, आणि त्याच सुमारास कार्यालयाचे संचालक फिंडले शिरस यांच्या देखरेखीखाली कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. तिच्या अहवालात एक विदारक नोंद आहे: कामगाराच्या ताटात पडणारे धान्य मुंबई तुरुंगाच्या नियमावलीने कैद्यास ठरवून दिलेल्या धान्याहून कमी होते! भाव मोजायला निघालेल्यांच्या हाती उपासमार लागली, ही त्या दप्तराची खरी कमाई.

निर्देशांकाची अट मात्र कडक: तोच जिन्नस, तीच प्रत, तेच दुकान. भाज्याच्या खाचरांत ही अट कशी टिकावी? मावळचा जुना मानाचा तांदूळ आंबेमोहोर. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात आंबेमोहोर १५७ आणि आय.आर. ८ यांच्या संकरातून निघालेला इंद्रायणी १९८७ साली प्रसारित झाला आणि बघता बघता त्याने खाचरे व्यापली. अशा वेळी जुन्या मालाची जागा नव्याला देऊन दोन मालिका सांधतात. हिशेब अखंड दिसतो, पण वासाची किंमत त्या सांध्यात कुठे धरली जाते, हे मला अजून कोणी पटवून दिलेले नाही.

२०१२ हे पायाभूत वर्ष धरलेल्या ग्राहक किंमत निर्देशांकासाठी ११८१ गावांतून भाव गोळा होत, आणि ग्रामीण टोपलीत अन्न व पेये यांना ५४.१८ इतका भार होता, तर शहरी टोपलीत ३६.२९. पुढे २०२२-२३ च्या पाहणीत ग्रामीण खर्चातला अन्नाचा वाटा सुमारे ४६ टक्क्यांवर आला. म्हणजे टोपली जुनी आणि घर नवे, अशी स्थिती काही वर्षे राहिली. त्यातही गाव म्हणजे एक घर नव्हे. ज्याच्या कणगीत स्वतःचे भात आहे त्याला तांदळाची तेजी जाचत नाही, त्याचा जीव तेल, साखर आणि तुरीच्या डाळीपाशी अडतो. त्याच्या शेजारचा, जमीन विकून बसलेला किंवा लेण्यांच्या वाटेवर पर्यटकांना भजी तळून देणारा, तांदूळ किलोकिलोने वाण्याकडून आणतो. सरकारी आकडा दोघांनाही एकच लागू होतो, आणि भजीवाल्याच्या तेलाची महागाई तर गिऱ्हाइकाच्या बशीत अर्धी उतरून गेलेली असते, उरलेली अर्धी त्याच्या नफ्यातून वजा होते.