सौर गाडी: ऊन किती, धाव किती

छपरावरच्या पॅनेलवर गाडी दिवसभर धावते, हा सौर गाडीबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज. एक चौरस मीटर पॅनेल कडक उन्हात सुमारे 200 वॅट देते. स्वच्छ दिवसाकाठी जेमतेम एक युनिट. हलकी चारचाकी त्यावर दहाएक किलोमीटर जाते. पुण्याच्या वायवे मोबिलिटीने 2025 मध्ये सादर केलेल्या ‘इव्हा’च्या सौर छपराचा दावाही साधारण तेवढाच आहे. बाकीची वीज प्लगमधूनच घ्यायची. मालवण तालुक्यातल्या धामापुरात माडांच्या सावलीत उभ्या गाडीचे पॅनेल असून नसल्यासारखे. पावसाळ्यात तर ढगांचेच राज्य. तिथे घरावर पॅनेल बसवून गाडी घरच्या विजेवर भरणे अधिक शहाणपणाचे. पावसात शॉक बसण्याची भीती मात्र फोल: बॅटरी बंदिस्त असते. खरेदीपूर्वी बॅटरीची हमी लेखी घ्यावी.