खोलीभाड्याची मर्यादा आणि बिलातील कपात

आरोग्य विम्याच्या अनेक पॉलिसींमध्ये खोलीचे दैनंदिन भाडे विमा रकमेच्या, म्हणजे विमा कंपनी वर्षभरात देऊ शकणाऱ्या कमाल रकमेच्या, एक टक्क्यापर्यंतच मान्य होते. त्यामुळे ५ लाखांची पॉलिसी असलेल्या रुग्णाने रोज १०,००० रुपये भाड्याची खोली घेतल्यास त्याला दिवसाला ५,००० रुपयेच मिळतात. तोटा मात्र एवढ्यावर थांबत नाही. ज्या रुग्णालयांत शस्त्रक्रिया, भूल आणि डॉक्टरांचे शुल्क खोलीच्या वर्गानुसार बदलते, तेथे या खर्चालाही तेच निम्मे प्रमाण लावले जाते आणि या बाबींच्या २ लाखांच्या बिलापैकी १ लाख रुपये कुटुंबालाच भरावे लागतात. यालाच प्रमाणशीर कपात म्हणतात. औषधे, शरीरात बसवायची उपकरणे, तपासण्या आणि अतिदक्षता विभागाचे शुल्क यांना ती लावता येत नाही, असा भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाचा नियम आहे. ही अट बहुधा कमी हप्त्याच्या पॉलिसींत आढळत असल्याने तिची झळ बेताची ऐपत असलेल्यांनाच अधिक बसते. म्हणून रुग्णाला दाखल करतानाच पॉलिसीतील मर्यादा पाहून तीत बसणारी खोली मागणे हिताचे ठरते.