मुलाचे ऑपरेशन आणि घरातली लपवाछपवी

“डॉक्टर, पोराला ऑपरेशनचं अजून काही सांगितलेलं नाही. तुम्हीही बोलू नका हं!” मूल तपासणीच्या टेबलावर असताना आई किंवा आजी माझ्या कानाशी येऊन हे हमखास सांगते. मूल अर्थातच सगळे ऐकत असते. मोठ्यांचा खाली आलेला आवाज हीच लहान मुलाला धोक्याची पहिली घंटा असते.

लहान मुलांच्या शस्त्रक्रिया आता दुर्मीळ राहिलेल्या नाहीत. अंतर्गळ म्हणजे हर्निया, अंडवृद्धी, वृषण खाली न उतरणे, टॉन्सिल्स, दुभंगलेला ओठ, तिरळेपणा अशी कारणे नेहमीचीच आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथून सुरू झाला. तेव्हापासून अंगणवाडीत व शाळेत तपासणी होऊन मुलांचे असे दोष लवकर सापडतात. ज्यांच्या घरात आजवर कोणी ऑपरेशनच्या टेबलावर झोपले नाही, अशा घरांतली मुलेही त्यामुळे शस्त्रक्रियेसाठी मोठ्या गावी जाऊ लागली आहेत.

शस्त्रक्रिया सर्जन करतील, भूल भूलतज्ज्ञ देतील. पण त्याआधीची तयारी घरात करायची असते आणि ती आईवडिलांच्या हाती असते. ही तयारी बिघडते ती बहुधा एकाच कारणाने, ते म्हणजे लपवाछपवी. मुलापासून आपण ऑपरेशन लपवतो आणि डॉक्टरांपासून खाणेपिणे व सर्दी-खोकला लपवतो. हेतू दोन्हीकडे मायेचाच असतो, पण पहिल्याने मुलाचा विश्वास जातो आणि दुसऱ्याने जिवावर बेतू शकते.

मुलाला खरे सांगा

चार वर्षांच्या एका मुलाचे हर्नियाचे ऑपरेशन ठरले होते. घरच्यांनी त्याला सांगितले, “जत्रेला जायचंय.” पहाटे नवे कपडे घालून पोर आनंदाने गाडीत बसले आणि उतरले ते दवाखान्याच्या दारात. ऑपरेशन उत्तम झाले, जखमही लवकर भरली. पण पुढे कितीतरी महिने आई “चल बाजारात” म्हणाली तरी ते गाडीत बसेना. साध्या तापासाठी माझ्याकडे आणले तेव्हा दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून बसले. सुईपेक्षा त्याला मोठ्यांच्या शब्दाची भीती बसली होती.

मुलांच्या मनावर रुग्णालयाचा काय परिणाम होतो, याचा विचार जगातही उशिराच झाला. आईबाप भेटायला आले की मुले रडतात, म्हणून त्यांना दूरच ठेवावे, अशी समजूत इंग्लंडच्या रुग्णालयांत होती. १९५२ साली जेम्स रॉबर्टसन यांनी ‘अ टू-इयर-ओल्ड गोज टू हॉस्पिटल’ हा चित्रपट तयार केला. बेंबीच्या हर्नियासाठी आठ दिवस रुग्णालयात राहिलेल्या सुमारे अडीच वर्षांच्या मुलीचे त्यात चित्रण आहे. ती फारसे रडत नाही, शहाण्यासारखी राहते, पण आतून किती खचली आहे हे पाहणाऱ्याला दिसते. १९५९ च्या प्लॅट समितीच्या अहवालाने पालकांना मुलांपाशी मोकळेपणाने येऊ द्यावे, अशी शिफारस केली. गप्प बसलेले मूल म्हणजे न घाबरलेले मूल नव्हे, हे यातून आपणही शिकण्यासारखे आहे.

केव्हा सांगावे? दोन-तीन वर्षांच्या मुलाला ‘पुढच्या आठवड्यात’ म्हणजे काय ते कळत नाही. त्याला एक दिवस आधी आणि पुन्हा त्या दिवशी सकाळी सांगितले की पुरे. चार ते सहा वर्षांच्या मुलाला तीन-चार दिवस आधी सांगावे. शाळकरी मुलाला आठवडाभर आधी सांगावे, म्हणजे त्याला प्रश्न विचारायला वेळ मिळतो.

काय सांगावे? थोडक्यात आणि खरे. उदाहरणार्थ, “तुझ्या जांघेत गाठ येते ना, ती डॉक्टरकाका दुरुस्त करणार. तेव्हा तुला औषधाने गाढ झोप लागेल. काम चालू असताना काही दुखणार नाही आणि मध्येच जागही येणार नाही. काम झालं की तू उठशील. उठल्यावर थोडं दुखेल, त्याचं औषध मिळेल. आई तिथेच असेल.” यातले शेवटचे वाक्य खरे ठरेल ना, एवढे रुग्णालयात आधी विचारून घ्या. भुलेच्या खोलीच्या दारापर्यंत आईला येऊ देतात का आणि शुद्धीवर येताना जवळ बसू देतात का, हेही विचारा. नसतील देत तर तसे मुलाला सांगा.

‘कापणार’, ‘फाडणार’, ‘बेशुद्ध करणार’ हे शब्द टाळा. “अजिबात दुखणार नाही” असेही म्हणू नका, कारण पहिली सुई टोचताच तुम्ही खोटे ठरता. सुईबद्दल विचारले तर “टोचेल, पण पटकन होईल, माझा हात धर” म्हणावे. सुईच्या जागी तासभर आधी लावायचे बधिरतेचे मलम मिळते, त्याबद्दल डॉक्टरांना विचारता येईल.

शिक्षा म्हणून आपल्याला दवाखान्यात नेत आहेत, असे पाच-सहा वर्षांपर्यंतच्या अनेक मुलांना वाटते. “तू काही चूक केली नाहीस” हे वाक्य म्हणून मुद्दाम बोलावे. आणि “जेव, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील” ही आपल्या घराघरांतली धमकी कायमची बंद करावी. वर्षभर ज्याच्या नावाने भीती घातली, त्याच्याच हाती मूल सोपवताना ते आकांत करणारच.

बाहुलीला पट्टी बांधणे, वाटीचा मास्क करून नाकावर धरणे, बोटाला चिमटा लावून ‘लाल दिवा लागला’ म्हणणे हे खेळ दोन-चार दिवस खेळावेत. तिथे मास्क आणि बोटाला लाल उजेडाचा चिमटा खरोखरच लावतात. ओळखीची वस्तू दिसली की निम्मी भीती जाते.

उपाशीपोटी कशासाठी?

आता डॉक्टरांपासून होणारी लपवाछपवी. “लेकरू रात्रीपासून उपाशी, जीव तुटतो हो!” असे म्हणत आजी पदराआडून बिस्कीट देते. हे बिस्कीट का घातक, ते समजून घ्या.

जागेपणी घास चुकीच्या वाटेने गेला की ठसका लागतो. हा ठसका फुप्फुसांचा राखणदार आहे. भूल दिल्यावर तो राखणदारही झोपतो. अशा वेळी पोटातले अन्न वर घशात आले तर ते थेट श्वासनलिकेत उतरू शकते. त्याबरोबर पोटातले आम्लही जाते आणि फुप्फुसांना इजा होते. हे क्वचित घडते, पण घडले तर प्राणावर बेतते. पोट रिकामे ठेवणे हाच त्यावरचा सोपा उपाय आहे.

सर्वसाधारण नियम असा: घन आहार व वरचे दूध ६ तास आधी बंद, आईचे दूध ४ तास आधी बंद आणि साधे पाणी २ तास आधी बंद. तळलेले, तुपकट खाल्ले असेल तर ८ तास लागतात. म्हणजे ऑपरेशन सकाळी ९ वाजता असेल तर पहाटे ३ नंतर वरचे दूध नाही, ५ नंतर अंगावरचे दूध नाही आणि ७ नंतर पाणी नाही. दूध पातळ दिसते, पण पोटात गेल्यावर त्याच्या गुठळ्या होतात. म्हणून ते अन्नातच धरायचे. पेज, ताक, दुधाचा चहा, गर असलेला रस हेही ‘पाणी’ नव्हे. साधे पाणी, साखरपाणी, शहाळ्याचे पाणी चालते. चॉकलेट आणि गोळीसुद्धा खाणेच समजावे.

उलट चूकही तितकीच होते. “रात्री बारानंतर काही नाही” असे ऐकून काही पालक दुपारच्या ऑपरेशनसाठी मुलाला बारा-चौदा तास कोरडे ठेवतात. त्याने मूल चिडते, सुकते, तान्ह्या बाळाची रक्तातली साखरही उतरू शकते. युरोपातील भूलतज्ज्ञांच्या संस्थेने तर २०२२ साली मुलांना साधे पाणी १ तास आधीपर्यंत द्यायला हरकत नाही, असे मार्गदर्शन केले आहे. आपल्या भूलतज्ज्ञांनी सांगितलेली वेळ मात्र अखेरची. ‘शेवटचे जेवण किती वाजता, शेवटचे दूध किती वाजता, शेवटचे पाणी किती वाजता’ हे तिन्ही प्रश्न विचारून कागदावर लिहून घ्या.

एका तीन वर्षांच्या मुलीच्या घरच्यांनी भूलतज्ज्ञांना ठामपणे सांगितले, “काही दिलं नाही.” पोरगी मात्र त्यांच्याकडे पाहून म्हणाली, “आजीनं दुधात बुडवून बिस्कीट दिलं.” ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेले, घरचे आजीवर चिडले. मी म्हणेन, खोटे बोलायला ती अजून शिकली नव्हती हे तिचे भाग्य. चुकून काही खाल्लेच तर सांगून टाका. फार तर एक दिवस वाया जाईल.

अपघात, आतड्याला पीळ अशा तातडीच्या वेळी पोट रिकामे होईपर्यंत थांबता येत नाही. तिथेही शेवटचे खाणे किती वाजता झाले हे खरे सांगा. भूलतज्ज्ञ त्यानुसार वेगळी काळजी घेतात.

सर्दी, खोकला आणि इतर गोष्टी

गाडी ठरवलेली असते, वडिलांनी रजा काढलेली असते, मामा मुंबईहून आलेला असतो आणि आदल्या रात्री मुलाला खोकला सुरू होतो. आता सांगितले तर तारीख जाईल, म्हणून सकाळी नाक पुसून मूल नेले जाते. असे करू नका. सर्दी-खोकल्यात श्वासनलिका नाजूक झालेली असते. भुलेच्या वेळी ती आवळली जाऊन श्वास अडू शकतो. बरे वाटल्यावरही हा नाजूकपणा दोन ते चार आठवडे टिकतो. ताप, पिवळा शेंबूड, छातीत घरघर असेल तर निघण्यापूर्वीच फोन करा. हर्निया, टॉन्सिल्स अशा ठरवून करायच्या ऑपरेशनला काही दिवसांचा उशीर बहुधा चालतो. पण गाठ आत जाईनाशी झाली, दुखू लागली किंवा उलट्या सुरू झाल्या तर मात्र तारखेची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठावे.

याखेरीज पुढील गोष्टी न विचारता सांगाव्यात: बाळदमा, फिट्स, हृदयाचा दोष, औषधाची ॲलर्जी, सुरू असलेली औषधे (काढे व आयुर्वेदिक गोळ्यासुद्धा), गेल्या काही दिवसांतली लस, हलणारा दात, लागल्यावर रक्त लवकर न थांबणे आणि घरात कोणाला भुलेचा त्रास झाला असल्यास तो. विदर्भात व आदिवासी भागात सिकलसेलचा आजार आढळतो. कुटुंबात कोणाला असेल तर आवर्जून सांगावे, कारण अशा मुलाला थंडी, शरीर सुकणे आणि प्राणवायूची कमतरता सोसत नाही.

आदल्या दिवशी आंघोळ घालावी, नखे कापावीत. नखांचा रंग व बोटांची मेंदी टाळावी, कारण बोटाच्या चिमट्याने प्राणवायू मोजतात. काजळ, वाळे, बांगड्या, साखळी घरीच काढून ठेवा. करदोटा व ताईत काढायला घरातल्या वडीलधाऱ्यांचे मन तयार नसेल तर आधी समजवा. ऑपरेशनच्या दारात वाद नको. मुलाची आवडती गोधडी किंवा खेळणे मात्र बरोबर घ्या.

शुद्धीवर आल्यानंतर

बरीच लहान मुले शुद्धीवर येताना रडतात, हातपाय झाडतात, आईलाही ओळखत नाहीत. आईबाप घाबरतात, पण हे बहुधा अर्ध्या तासात शमते. जवळ घ्यावे, हळू बोलावे, दहाजणांनी भोवती जमू नये. पाणी केव्हा द्यायचे ते परिचारिकेला विचारूनच ठरवावे. दुखण्याचे औषध मुलाच्या वजनावर ठरलेले असते. सांगितले तेवढेच, सांगितले तेव्हाच द्यावे. मोठ्यांची ॲस्पिरिनची गोळी मुलाला कधीही देऊ नये.

घरी आल्यावर सतत उलट्या, रक्त येणे, श्वासाला त्रास, वाढता ताप, लघवी न होणे किंवा मूल नीट जागे न होणे यांपैकी काही दिसले तर थांबू नका, रुग्णालय गाठा.

पुढचे एक-दोन आठवडे काही मुले रात्री दचकून उठतात, अंथरूण ओले करतात, आईचा पदर सोडत नाहीत. त्यांना रागावू नका, हे जाते. ज्या मुलाला आधी खरे सांगितलेले असते, त्याला सावरणे सोपे जाते.

एक शेवटची सूचना. उपाशी राहण्याच्या वेळांचा तो कागद आईच्या पिशवीत ठेवू नका. त्या रात्री मुलाजवळ जो कोणी झोपणार असेल त्याला तो वाचून दाखवा, आणि घरात आजी असेल तर सर्वांत आधी तिला.