पाठीवरचं घर आणि वाटेवरचं गाव

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

अमेरिकेच्या पूर्व भागात ॲपलेशियन नावाची डोंगररांग आहे. आपल्या सह्याद्रीसारखे उघडे कातळकडे तिथे फारसे नाहीत. झिजलेले, दाट झाडीने झाकलेले जुने डोंगर आहेत. या डोंगरांच्या माथ्यामाथ्याने एक पायवाट जाते. दक्षिणेला जॉर्जिया राज्यातल्या स्प्रिंगर डोंगरापासून निघते आणि 14 राज्यं ओलांडून उत्तरेला मेन राज्यातल्या कटाडिन शिखरावर संपते. लांबी सुमारे 3,500 किलोमीटर. ही ॲपलेशियन ट्रेल.

निवृत्तीनंतर मुलीकडे गेलो असताना, 2023 साली, या वाटेचा एक टप्पा मी चाललो. व्हर्जिनिया राज्याच्या दक्षिण टोकाला डमास्कस नावाचं गाव आहे, तिथपासून हार्पर्स फेरीपर्यंत. जवळजवळ 900 किलोमीटर, एकूण 65 दिवस. परत आल्यावर लोकांनी अस्वलांविषयी विचारलं, पण त्याहून जास्त विचारलं ते असं, की बाबा रे, तिथे खात काय होतास, निजत कुठे होतास आणि कपडे कधी धूत होतास? मला वाटतं, खरे प्रश्न तेच आहेत.

आधी थोडा इतिहास. बेंटन मकाय नावाच्या वनतज्ज्ञाने 1921 साली एका लेखात या वाटेची कल्पना मांडली. शहरात घुसमटलेल्या माणसाला चार दिवस मोकळी हवा मिळावी, हा हेतू. स्वयंसेवकांनी झाडोरा तोडत, दगड रचत 1937 साली वाट सलग केली. ती एका दमात कुणी चालेल, असं तेव्हा फारसं कुणाच्या मनात नव्हतं. 1948 साली अर्ल शेफर हा महायुद्धातून परतलेला सैनिक ती एका हंगामात चालून गेला. 1955 साली एमा गेटवुड या 67 वर्षांच्या, अकरा मुलांच्या आईने घरी शिवलेली झोळी खांद्याला लावून आणि कापडी बूट घालून हीच वाट पुरी केली. आता दरवर्षी हजारो लोक निघतात. पोचतात साधारण चौघांतला एक.

वाट चुकू नये म्हणून झाडांवर पांढऱ्या रंगाचे पट्टे ओढलेले असतात. दोन इंच रुंद, सहा इंच उंच. एकावर एक दोन पट्टे दिसले की पुढे वळण आहे, सावध राहायचं. निळा पट्टा म्हणजे आडवाट, बहुधा पाण्याकडे किंवा निवाऱ्याकडे जाणारी. निवारा म्हणजे तीन भिंती आणि छप्पर. चौथी बाजू उघडी. आत लाकडी फळ्यांवर सहा-आठ माणसं ओळीने झोपतात आणि रात्रभर उंदीर त्यांच्या अंगावरून ये-जा करतात. म्हणून, आणि अस्वलांच्या नाकापायीही, खाण्याची पिशवी दूर झाडाला उंच टांगायची. झऱ्याचं पाणी गाळून घ्यायचं. संध्याकाळी गुडघ्यामागे, काखेत, कमरेशी गोचीड चिकटली नाही ना, हे बघायचं, कारण तिच्यापासून लाइम नावाचा आजार होतो. अंधार पडला की निजायचं. पहाटे पक्ष्यांबरोबर उठून पुन्हा चालू लागायचं.

या जगात खरं नाव कुणी सांगत नाही. सोबतचे चालणारेच एकमेकांना नाव ठेवतात. मी भातावर मेतकूट घालून खात असे. ती पिवळी पूड मोहरीची आहे अशी त्यांची समजूत झाली, आणि मी 65 दिवस 'मस्टर्ड' या नावाने वावरलो.

आता खाण्याचं गणित. दिवसभर चढउतार करणाऱ्याला चार-पाच हजार उष्मांकही पुरत नाहीत. पण पाठीवर वाहून किती नेणार? दिवसाला पाऊण किलो धरलं तरी पाच दिवसांचे पावणेचार किलो झाले. शिवाय तंबू, झोपायची पिशवी, पाणी. म्हणून तीन ते पाच दिवसांची शिधासामग्री घ्यायची आणि ती संपेपर्यंत पुढचं गाव गाठायचं. ही साडेतीन हजार किलोमीटरची वाट प्रत्यक्षात चार-चार दिवसांच्या छोट्या प्रवासांची माळ आहे आणि तिचे मणी म्हणजे गावं.

काही गावांतून वाट थेट मुख्य रस्त्यानेच जाते. डमास्कस त्यांतलंच. इतर गावं वाटेपासून पाच-दहा किलोमीटर खाली असतात. तिथे अंगठा दाखवून गाडी थांबवायची, किंवा गावातले स्वयंसेवक आपल्या गाडीतून नेतात. गावात शिरल्यावर पहिलं काम पोस्टाचं. मुलगी पोहे, दाण्याचं कूट, मेतकूट असं खोक्यात भरून पुढच्या गावच्या पोस्टात पाठवायची. पाकिटावर माझं नाव आणि 'येणाऱ्या पदयात्रीसाठी ठेवावे' अशा अर्थाची सूचना. शनिवारी दुपारी लहान गावातलं पोस्ट बंद होतं आणि सोमवारीच उघडतं. त्यामुळे डोंगरावर वार विसरलेली माणसं शुक्रवार मात्र नेमका ओळखतात.

दुसरं काम आंघोळ आणि कपडे. पैसे टाकून चालणारी यंत्रं असतात. अंगावरचं सगळंच धुवायचं असल्याने माणसं नुसता रेनकोट घालून यंत्रासमोर वर्तमानपत्र वाचत बसलेली असतात आणि गावातल्या कुणाला त्याचं नवल वाटत नाही. तिसरं काम जेवण. त्याविषयी एवढंच सांगतो, की एका बैठकीत मी अख्खा पिझ्झा संपवला आणि तासाभरात पुन्हा भूक लागली.

पण हेच गाव सर्वांत अवघड जागाही आहे. पावसात, चिखलात सहसा कुणी वाट सोडत नाही, कारण तिथून घरी जाणारी बस नसते. गावात बस असते, गादी असते, फोनवर घरच्यांचा आवाज असतो. आणि मुख्य म्हणजे गावात पैसे लागतात. डोंगरावर दिवसाचा खर्च शून्य. गावात वसतिगृहातली एक खाट तीस-पस्तीस डॉलर, वर जेवण. पाऊस लागला म्हणून एक दिवस जास्त राहिलं की हिशेब कोलमडतो.

वेन्सबरो गावात माझ्याबरोबर विशीतला एक मुलगा होता. दोन वर्षं गोदामात काम करून त्याने पैसे साठवले होते. पाय ठणठणीत होते त्याचे. माझ्यापेक्षा दुप्पट चालायचा. दोन दिवस वसतिगृहाचं कुंपण रंगवून त्याने खाटेचं भाडं फेडलं. तिसऱ्या सकाळी पायरीवर बसून नोटा मोजल्या आणि म्हणाला, "मस्टर्ड, उरलेत ते घरी जाण्यापुरतेच." अशा वसतिगृहांत एक खोकं असतं. नको असेल ते त्यात टाकायचं, हवं ते उचलायचं. त्याने आपली नूडल्सची पाकिटं त्यात ठेवली. ती मी घेतली. तीन दिवसांनी शेनंडोआच्या जंगलात ती उकळताना घास काही सहज उतरला नाही.

वाट गावांवर जगते, तशी गावंही वाटेवर जगतात. डमास्कसची वस्ती हजाराच्या आत. मे महिन्यात तिथे पदयात्रींचा मेळा भरतो, तेव्हा गावापेक्षा पाहुणे जास्त होतात. 2024 सालच्या सप्टेंबरात हेलेन वादळाने त्या गावात पूर आणला आणि डोंगरावर असंख्य झाडं आडवी केली. ती करवतींनी कापून वाट मोकळी करायला जे पुढे आले, त्यांत कधीकाळी याच गावात जेवून-झोपून गेलेले पदयात्रीही होते.

आपल्यापैकी अनेकांची मुलं तिकडे आहेत. न्यू जर्सीत असतील तर तिथल्या डोंगरांतूनही ही वाट सुमारे 115 किलोमीटर जाते, आणि ती अर्ध्या दिवसापुरतीही चालता येते. पाण्याची बाटली घ्या, लांब मोजे घाला, संध्याकाळी गोचीड तपासा. आणि वाटेत पाठीवर ओझं घेतलेलं कुणी दाढी वाढलेलं, घामट माणूस भेटलं, तर डब्यातली एक पोळी पुढे करा. नाही म्हणणार नाही.