जुनी पिकअप घेताय? आधी कागद, मग चेसिस, शेवटी इंजिन



मागच्या बॅचमधल्या एका मुलानं क्लास संपल्यावर मोबाइलवर फोटो दाखवला. जीपच्या बांध्याची जुनी पिकअप, गोल हेडलाइट, मागे लाकडी फळ्यांचा हौदा. म्हणाला, "सर, १ लाख ६० हजारात मिळतेय. रंग मारतो आणि चहा-कॉफीचा ट्रक करतो. कॅनॉटला उभी केली की लोक आधी फोटो काढतील, मग चहा घेतील."

आयडिया चांगली आहे. मी एकच विचारलं, "आरसी बघितली का?"

"आहे ना सर, मालकाकडे."

हे उत्तर ऐकलं आणि मला माझी २०१५ सालची गाडी आठवली. पॅकेजिंगचं दुकान नवीन होतं. वाळूज आणि चिकलठाण्याला माल पोचवायला एक जुनी पिकअप घेतली, १ लाख ३५ हजारांना. त्यातले ८० हजार वडिलांच्या एफडीचे. इंजिन एकदम मख्खन चालायचं, म्हणून मी खूश. नंतर फिटनेसला नेली तेव्हा कळलं, आरसीवर पेट्रोल लिहिलंय आणि बॉनेटखाली डिझेल इंजिन बसवलंय. इंजिन नंबरही जुळेना. पास व्हायचा प्रश्नच नव्हता. विकणारा ओळखीतलाच होता, त्यानं फोन उचलणं बंद केलं. गाडी चार महिने दुकानासमोर उभी राहिली आणि शेवटी ४२ हजारांत भंगारात गेली. वडील एका शब्दानं बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

म्हणून सांगतो. बिघडलेलं इंजिन दुरुस्त होतं, बिघडलेला कागद होत नाही. तपासायचा क्रम लक्षात ठेवा: कागद, चेसिस, इंजिन. आपण नेमकं उलटं करतो.

१. 'जुनी' आणि 'व्हिंटेज' यात फरक आहे

जाहिरातीत 'व्हिंटेज पिकअप' लिहिलं म्हणून ती व्हिंटेज होत नाही. २०२१ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे ५० वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ स्वरूपात ठेवलेली दुचाकी किंवा चारचाकीच व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. तिच्या नंबरमध्ये 'व्हीए' ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये, मुदत १० वर्षं. आणि धंद्यासाठी महत्त्वाचं म्हणजे अशी गाडी रोजच्या वापराला किंवा व्यवसायाला चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन आणि त्यासाठी लागणारं पेट्रोल-दुरुस्ती, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर येऊ शकते.

म्हणजे चहाचा ट्रक करायचा असेल तर व्हिंटेज नंबरची गाडी कामाची नाही. मालवाहू म्हणून नोंदलेली, फिटनेस चालू असलेली गाडीच हवी. शिवाय हौदा काढून किचन बसवणं हा गाडीतला बदल आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली त्याला आरटीओची मंजुरी लागते आणि आरसीवर नोंदही. आधी विचारा, मग वेल्डिंगवाल्याला बोलवा. खाद्यपदार्थाची नोंदणी आणि गाडी उभी करायची महापालिकेची परवानगी हा खर्चही वेगळा धरा.

२. कागद: टोकन द्यायच्या आधी

मालकाच्या मोबाइलवरचा आरसीचा फोटो पुरत नाही. गाडी नंबर घ्या आणि परिवहनच्या वेबसाइटवर किंवा एम-परिवहन ॲपवर स्वतः टाकून बघा. या गोष्टी एकेक करून टिक करा:

- वर्ग आणि इंधन. आरसीवर मालवाहू आहे की खासगी? पेट्रोल की डिझेल? गाडीत तेच आहे का?
- लोन. हायपोथिकेशन दिसतंय का? दिसत असेल तर "लोन कधीच फिटलं" हे तोंडी चालत नाही. बँकेची किंवा फायनान्सची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात पाहिजे.
- फिटनेस. मालवाहू गाडीला पहिली ८ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस काढावं लागतं. संपून किती दिवस झाले ते बघा.
- कर आणि चलन. रोड टॅक्स कुठपर्यंत भरलाय? व्यावसायिक गाडीला ८ वर्षं झाली की महाराष्ट्रात पर्यावरण करही लागतो. ई-चलन वेगळं तपासा.
- नंबर प्लेट. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेली गाडी असेल तर हाय सिक्युरिटी प्लेट बसवलीय का?
- बाहेरच्या राज्यातली गाडी. दिल्लीकडच्या जुन्या डिझेल गाड्या स्वस्तात येतात, कारण तिकडे १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर कोर्टाची बंधनं आली. पण फॉर्म २८ ची एनओसी, इकडची नोंदणी आणि इकडचा टॅक्स धरला की स्वस्त किती उरते ते कागदावर मांडा.
- सरकारी लिलावातली गाडी. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी आणि महापालिकेच्या गाड्यांची नोंदणी संपते आणि तिचं नूतनीकरण होत नाही. अशी गाडी भंगारासाठीच असते. किंमत बघून भुलू नका.

व्यवहाराच्या दिवशी फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्या आणि नाव लगेच बदलून घ्या. विमाही आपल्या नावावर करून घ्या. तुम्ही विकणारे असाल तर जास्तच घाई करा. कागदोपत्री मालक तोच जबाबदार, असं सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये स्पष्ट केलंय.

३. चेसिस: गुडघ्यावर बसा

चेसिस नंबरची पट्टी सँडपेपरनं साफ करा. त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासा. आरटीओच्या कामाला जशी छाप घेतात तशीच. ती आरसीशी अक्षर-अक्षर जुळवा. एखादा आकडा वाकडा किंवा पुन्हा ठोकल्यासारखा दिसला तर चहा पिऊन घरी या.

मग टॉर्च घेऊन खाली जा. चेसिसवर नवं वेल्डिंग, जाड काळा रंग किंवा वाक दिसतो का? केबिन जिथं बसते तिथं, पायाखालच्या पत्र्याला आणि हौद्याच्या खाली स्क्रू ड्रायव्हरनं हळूच टोचा. पत्रा भुगा होत असेल तर गंज आत गेलाय. गाडी आधी काय वाहायची तेही विचारा. मासळीच्या गाडीला खारं पाणी खातं, विटा-वाळूच्या गाडीचे पाटे बसलेले असतात. बॉडीवर छोटं लोहचुंबक फिरवा. चिकटत नसेल तर रंगाखाली पत्रा नाही, पुट्टी आहे.

४. इंजिन: थंड असताना

सकाळी लवकर जा. बॉनेटला हात लावा. गरम असेल तर मालकानं आधीच चालू करून ठेवलंय. गार होऊ द्या. सुरू झाल्यावर धूर बघा. निळा म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे एअर फिल्टर, इंजेक्टर किंवा पंपाचं काम. गरम झाल्यावरही पांढरा येत राहिला तर पाणी आत जात असू शकतं. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर हेड गॅस्केटची शंका घ्या. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण काढून बघा. तिथून जोरात धूर येत असेल तर मोठं काम निघणार. गाडी जुन्या मॉडेलची असेल तर पार्ट कुठून आणायचे, हे मेकॅनिकला घेण्याआधीच विचारा.

५. माल भरून चालवा

रिकाम्या गाडीची ट्रायल म्हणजे ट्रायल नाही. चार-पाच क्विंटल माल टाका आणि चौका घाटाकडे न्या. चढावर क्लच घसरतो का? उतारावर गिअर निसटतो का? ब्रेक मारल्यावर एका बाजूला ओढते का? स्टिअरिंग किती फिरवल्यावर चाक वळतं? टायरवरचे चार आकडेही वाचा: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी चांगली असूनही रबर जुनं असू शकतं.

६. आता खरा हिशोब

समजा गाडी १ लाख ८० हजारांची. पहिल्या तीन महिन्यांत टायर, बॅटरी, नाव बदलणं आणि दुरुस्तीला ६० हजार. दोन वर्षांनी १ लाख २० हजारांना विकली. म्हणजे १ लाख २० हजार गेले, महिन्याला ५ हजार. विमा, फिटनेस आणि टॅक्सचे महिन्याला २,५०० धरा, चालू दुरुस्तीचे २,५००. झाले १० हजार, गाडी जागेवरून न हलता.

भाड्याचा टेम्पो एका खेपेला १,००० घेतो आणि आपल्या गाडीला डिझेल-ड्रायव्हर मिळून ५०० लागतात असं धरलं, तर एका खेपेला ५०० वाचतात. महिन्याला २० खेपा झाल्या तर बरोबरी. तुमच्या ८ खेपा होत असतील तर गाडी हा धंदा नाही, हौस आहे. हौस वाईट नाही, पण ती भांडवलातून करायची नाही.

तुमचे आकडे टाकून हे गणित वहीत आजच करा.

आणि तो मुलगा? त्यानं नंबर टाकून बघितला. हायपोथिकेशन अजून दिसतंय. मालक म्हणतो, "आधी टोकन दे, एनओसी आणतो." यानं सांगितलं, "आधी एनओसी आणा, टोकन तिथंच देतो." दोन आठवडे झाले, एनओसी आलेली नाही. त्याचे १ लाख ६० हजार अजून त्याच्याच खात्यात आहेत.