बालवाडी

सर्वसाधारणपणे अडीच-तीन ते सहा वर्षे वयाच्या मुलांचे संगोपन व पूर्वप्राथमिक शिक्षण एकत्रितपणे करणारी संस्था. पाटी, पाठ्यपुस्तक व परीक्षा यांपैकी काहीही तीत अभिप्रेत नसल्यामुळे ‘शाळा’ ही संज्ञा तिला पुरतेपणी लागू पडत नाही. बालवाडीचा दिनक्रम हाच मुख्यत्वे तिचा अभ्यासक्रम होय.

गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगर येथे बालमंदिर स्थापन करून मारिया माँटेसरी यांची तत्त्वे भारतीय परिस्थितीत उतरविली. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी १९४५ मध्ये तत्कालीन ठाणे (आता पालघर) जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालवाडीचा प्रयोग आरंभिला. त्यात अनुताई वाघ (१९१०–९२) यांचे त्यांना आयुष्यभर साहाय्य लाभले. दलित वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. ‘अंगणवाडी’ ही कल्पना अशी अडचणीतून जन्मली.

दिवसाचा आरंभ मुलांना घरोघरून गोळा करून आणण्याने होतो. नंतर नखे, नाक, केस यांची तपासणी आणि जरूर तेथे आंघोळ. हा वेळ शिक्षणातून वजा झाला, असे मानणे चूक ठरेल. गुंडी लावणे, तांब्यातील पाणी न सांडता ओतणे, ओले हात पुसणे या कृतींनी बोटांच्या स्नायूंना जे वळण लागते, तेच पुढे लेखणी धरताना उपयोगी पडते. यानंतर मुक्त खेळ व इंद्रियशिक्षण होते. माँटेसरी पद्धतीची साधने महाग, म्हणून बोर्डीस शंखशिंपले, बिया, पाने, खडे असे परिसरातील साहित्य योजले गेले. आकार, रंग व स्पर्श यांनुसार त्यांची निवड करता करता मूल वर्गीकरण शिकते. तीन वर्षांखालील मुले हाती येईल ते तोंडात घालतात. त्यांना बिया न देता वाट्या, डबे, झाकणे देणेच इष्ट. गाणी व गोष्टी थोडक्यात आटोपाव्या लागतात. मात्र तीच गोष्ट पुनःपुन्हा ऐकण्यास मुले कंटाळत नाहीत. खाऊच्या वेळी प्रत्येकापुढे एकेक वाटी मांडणाऱ्या मुलास अंक ओळखण्यापूर्वीच एकास-एक संगती उमगते.

१९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील वारली कुटुंबांत मोठी मुले धाकट्या भावंडांना सांभाळीत वा गुरे राखीत. त्यामुळे पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणणारी ‘विकासवाडी’ आणि गुराख्यांसाठी ‘कुरणशाळा’ सुरू झाली. पाळणाघराविना थोरल्या बहिणीची शाळा अशक्य होती.

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांनिशी सुरू झाली व ‘अंगणवाडी’ हे नाव देशभर रूढ झाले. तिच्यात सहा वर्षांखालील बालकांना पूरक आहार, तर तीन ते सहा वयोगटास पूर्वप्राथमिक शिक्षण मिळते. आहारवाटप, वजने व नोंदवह्या यांचा भार एकाच सेविकेवर पडत असल्याने खेळाचा वेळ प्रथम आक्रसतो. शहरी बालवर्गांत हीच हानी पालकांच्या घाईमुळे होते : बोटे तयार होण्यापूर्वीच मुलांकडून अक्षरे गिरवून घेतली जातात. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षे हा सलग पायाभूत टप्पा मानून त्यात खेळाधारित शिक्षणाचा पुरस्कार केला आहे.